फ्लॅग सापडला, पण पुरावा कुठाय?

अर्धविराम (धागाकर्ता)
सायबर सुरक्षा शिकवायची म्हटलं की हल्ली पहिलं उत्तर येतं ते 'गेम'. डेफकॉन या हॅकर मंडळींच्या परिषदेत १९९६ पासून 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणजे सीटीएफ स्पर्धा होतात, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी पिकोसीटीएफ सुरू केलं. माहीत नसलेल्यांसाठी: फाइलमध्ये किंवा वेबसाइटवर एक ठराविक मजकूर लपवलेला असतो, तो 'फ्लॅग'. शोधा, टाका, गुण घ्या.

हल्ला-बचाव असा शिकवायला माझी ना नाही. डिजिटल फॉरेन्सिक, म्हणजे संगणकातून न्यायालयात टिकेल असा पुरावा काढणं, मात्र असं शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. खेळात उत्तर असतंच आणि खेळणाऱ्याला ते ठाऊक असतं. खऱ्या डिस्कमध्ये काहीच नसू शकतं, आणि 'काही आढळलं नाही' हाही अहवालच असतो. शिवाय मूळ डिस्कला राइट ब्लॉकर (तिच्यावर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावायचा, तिची प्रतिमा म्हणजे हुबेहूब प्रत घ्यायची, दोन्हींचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून जुळवायचा, ती कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद ठेवायची, हे सगळं खेळात गायब. झिप उतरवली, डबल क्लिक केलं, संपलं. चित्रात लपवलेले निरोप शोधण्यात मुलं रात्र घालवतात; तपासाचं बहुतेक काम असतं लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी), ब्राउझरचा इतिहास आणि वेळेच्या नोंदी यांत. तिथे वेग कामाचा नाही, आणि गुणफलक नेमकं वेगालाच बक्षीस देतो.

कडीकुलूप
असहमत. तुम्ही पहिलीच्या मुलाला प्रबंध मागताय.

राइट ब्लॉकर कशापासून वाचवतो हे कळायला आधी फाइल म्हणजे काय ते कळायला हवं. सीटीएफमधलं अगदी नेहमीचं कोडं घ्या: नावापुढे जेपीजी लिहिलंय, पण चित्र उघडत नाही. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पाहिलं तर पहिली दोन अक्षरं 'पीके'. म्हणजे ही झिप. मग कोणीतरी उत्सुकतेने वर्डची डॉक्सएक्स फाइल उघडतं, तर तिथेही 'पीके'! नावाचं शेपूट खोटं बोलू शकतं, आतले बाइट सहसा नाही, हे या एका कोड्यात डोक्यात बसतं. व्याख्यानात हाच भाग सांगताना मागचे दोन बाक झोपलेले असतात.

ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा 'बँडिट' हा खेळ पाहा. एसएसएचने, म्हणजे कमांड देऊन दूरच्या संगणकात, शिरायचं, एका पातळीवर पुढच्या पातळीचा पासवर्ड शोधायचा. फाइंड (फाइल शोधणारी), ग्रेप (मजकूर शोधणारी) या कमांड मुलं पाठ न करता शिकतात.

वाटसरू
कडीकुलूप यांना +१. बाकी तुमचं चालू द्या.

तिरपा
दोघंही तज्ज्ञ घडवण्याबद्दल बोलताय. सर्वसामान्यांचं काय?

कार्नेगी मेलनमधूनच २००७ मध्ये 'अँटी-फिशिंग फिल' हा खेळ आला. फिशिंग म्हणजे खोट्या मेल-साइटने फसवून माहिती काढून घेणं. फिल हा मासा, किडे म्हणजे वेबपत्ते. चांगला किडा खायचा, खोटा सोडायचा. कल्पना झकास. पण त्या वेळी खेळणाऱ्याला माहीत असतं की आपण फसवे पत्तेच शोधायला बसलोय. कामाच्या गर्दीत वरिष्ठांच्या नावाने 'तातडीचं' म्हणून मेल येतो तेव्हा ही सावधगिरी सुटीवर असते. आणि अशा खेळांनी माणूस सगळ्यांवरच संशय घ्यायला लागला, खरा मेलही उडवायला लागला, तर तो पारखी झाला असं म्हणायचं का?

पासकी (पासवर्डऐवजी फोन-संगणकात साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा सुरक्षा-चावी (त्याच कामाचं छोटं उपकरण) घ्या. ती खऱ्या डोमेनशीच, म्हणजे साइटच्या पत्त्याशीच, बांधलेली असते. खोट्या साइटवर वापरकर्ता कितीही भोळा असला तरी ती चालत नाही. तिथे खेळावर घालवलेला पैसा इथे घाला.

कडीकुलूप
@तिरपा, पासकी लॉगिन वाचवते. फोनवरून गोड बोलून कोणी पैसे पाठवायला लावले तर ती काय करणार?

@अर्धविराम, उत्तर ठरलेलं असतं हा दोष सीटीएफचा, खेळाचा नव्हे. ॲडम शोस्टॅक यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना केलेला 'एलिव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज' हा २०१० चा पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येक पत्त्यावर एक धोका. पान टाकणाऱ्याने तो आपल्याच प्रणालीत कुठे लागू होतो ते सांगायचं, बाकीच्यांनी वाद घालायचा. पत्त्याच्या मागे उत्तर छापलेलं नसतं.

अर्धविराम
पत्त्यांचा मुद्दा मान्य, तो खेळ चांगलाच आहे. पण तो धोका ओळखायचा, पुरावा हाताळायचा नाही.

फॉरेन्सिकला सराव हवा असेल तर 'एम५७ पेटंट्स'सारखा संच द्या: काल्पनिक कंपनी, तिच्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या रोजच्या डिस्क प्रतिमा, रॅम (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी), नेटवर्कवरून गेलेली-आलेली माहिती. कंटाळवाण्या फाइलींचा ढीग. गुणफलक नाही.

कडीकुलूप
त्या ढिगात नवशिक्या पहिल्याच तासाला बुडतो. त्याआधीची पायरी खेळच देतो. उदाहरणार्थ: संगणक चालू आहे, डिस्क कूटबद्ध आहे (किल्लीशिवाय वाचता येत नाही), आता काय? रॅम आधी घ्यायची की वायर उपसायची? आरएफसी ३२२७ या पुरावा गोळा करण्याच्या मार्गदर्शक दस्तऐवजात २००२ पासून लिहून ठेवलंय की जे लवकर उडून जातं ते आधी गोळा करा. वाचून कोणाच्या लक्षात राहतं? खेळात वायर उपसली, रॅममधली किल्ली गेली, डिस्क कायमची बंद आणि गट बाद. हे विसरत नाहीत.

तिरपा
हे बरं आहे. यात भर: एका गटाने अहवाल लिहायचा, दुसऱ्याने बचाव पक्षाचा वकील होऊन तो फोडायचा. हॅश कधी काढला, कोणी काढला, मधल्या वेळात डिस्क कुठे होती. नोंद नसेल तिथे गुण वजा.

अर्धविराम
असा खेळ असेल तर मी विरोध करणार नाही. पण त्याला खरं फॉरेन्सिक येणारा पंच लागेल. सीटीएफमध्ये फ्लॅग बरोबर की चूक हे यंत्र क्षणात तपासतं, म्हणून तर ते सगळीकडे पसरलंय. पन्नास मुलांचे अहवाल कोण वाचणार?

कडीकुलूप
वायर उपसायचा भाग यंत्र तपासू शकतं. तेवढा तरी आधी घ्या.