प्रभातचा साडेनऊचा खेळ : हळहळ नक्की कशाची?

अप्पा_बळवंत
पुण्याच्या प्रभात टॉकीजबद्दल लिहायचं म्हटलं की लोक लगेच वडे आणि शिट्ट्यांवर घसरतात. मला वेगळं म्हणायचंय. प्रभात 1934 साली सुरू झालं, भाड्याच्या जागेत; जागा इंदूरच्या किब्यांची. 2014च्या डिसेंबरात भाडेकरार संपून प्रभातवाल्यांचा मुक्काम हलला, पुढे तिथेच किब्यांचं 'किबे लक्ष्मी' थिएटर आलं. म्हणजे वास्तू आहे, पडदाही आहे. पण मराठी पिक्चरला तिथे मुरायला जो वेळ मिळायचा, तो गेला.

'माहेरची साडी' आठवा. तो काही पहिल्या शुक्रवारी गाजावाजा करून आलेला पिक्चर नव्हता. एकीने पाहिला, तिने वाड्यातल्या चौघींना सांगितलं, असं करत करत तो मुरला आणि प्रभातला ठाण मांडून बसला. आज मराठी पिक्चरला मल्टिप्लेक्समध्ये मंगळवारी दुपारचा एखादा शो मिळतो. शुक्रवार ते रविवार गल्ला जमला नाही की सोमवारी पोस्टर खाली. 2015 साली सरकारला मल्टिप्लेक्सवर मराठी पिक्चरला प्राइम टाइमचा खेळ देण्याची सक्ती करावी लागली, यातच काय ते आलं. जुनी थिएटरं वाचवा म्हणतो ते यासाठी.

कसब्यातली
काका, लेख छान. पण रात्री साडेनऊच्या खेळाला तुमच्या शेजारच्या खुर्चीवर कोण असायचं, हेही लिहा की. मित्र. बहीण नव्हे.

'माहेरची साडी'ला बायकांची झुंबड उडायची हे खरं, पण ती बाराच्या आणि तीनच्या खेळाला. मुलं शाळेत, डबे भरून झालेले, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश, या फटीत बसणारा खेळ. रात्रीच्या शोला आई एकदाच गेली, तीही काका-मामांच्या कडेकोट बंदोबस्तात, मधल्या खुर्चीत. जाताना तिने पदराला एक जादा सेफ्टी पिन लावून घेतली होती. ती पिन साडीसाठी नव्हती. मागच्या रांगेतून येणाऱ्या हातासाठी होती. (हे प्रभातचंच असं नाही, त्या काळी कुठल्याही टॉकीजमध्ये पिन लागायची.) इंटरव्हलला बाथरूमला जायचं नाही, म्हणून घरून निघताना पाणी प्यायचं नाही.

आज मी मैत्रिणीबरोबर रात्री अकराचा शो टाकते आणि रिक्षाने घरी येते. तिकीट महाग आहे, पॉपकॉर्नच्या भावात तर दरोडा आहे, तरी मी त्या काळात परत जाणार नाही.

ऑपरेटरचा_पोरगा
दोघांचंही पटतंय, पण थिएटर का बंद पडतं ते कुणी बोलत नाही. वडील एका तालुक्याच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून जळून लहान व्हायच्या, त्या सतत पुढे सरकवाव्या लागायच्या. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावर अंधार आणि खाली आईबहिणीवरून शिव्या. रीळ बदलताना ठिणगी उडून उजव्या मनगटावर डाग पडलेले, ते अजून आहेत.

2001 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला. एकपडदावाला, म्हणजे एकाच पडद्याच्या जुन्या टॉकीजचा मालक, मात्र भरतच राहिला. त्याने खुर्च्या कशातून बदलायच्या, बाथरूम कशातून बांधायचं? ताई, तुमच्या आईला जे सोसावं लागलं त्यातलं निम्मं तरी पैशाअभावीचं होतं.

कसब्यातली
बाथरूम पैशाअभावी, मान्य. मागचा हात पैशाअभावी नव्हता. आणि 2001च्या आधी वर्षानुवर्षं हाऊसफुल्लचे बोर्ड लागत होते ना? तेव्हा कुठल्या मालकाने बायकांसाठी धड बाथरूम बांधलं?

ऑपरेटरचा_पोरगा
याला उत्तर नाही. आमच्या मालकाने तरी बांधलं नाही. बाल्कनीत पंखे मात्र वाढवले.

डेक्कनचा_भाडेकरू
गहिवर आवरा. डेक्कनवरचं नटराज टॉकीज गेलं, तिथे मॉल झाला, त्याच मॉलमध्ये आपण सगळे पिक्चर बघतो. ढेकूण चावत नाहीत, आवाज स्वच्छ येतो. मराठी पिक्चर चालत नसेल तर चांगला काढा. थिएटरच्या मालकाने कुणाच्या आठवणींसाठी तोटा का सोसायचा? मोक्याची जागा आहे त्याची.

अप्पा_बळवंत
तोटा सोसा असं मी कुठे म्हटलंय? जो सरकारी पैसा मल्टिप्लेक्सना सूट म्हणून गेला, त्यातला वाटा एकपडद्याला द्या, आणि बदल्यात मराठी पिक्चर किमान तीन आठवडे उतरवायचा नाही अशी अट घाला. 'चांगला काढा' हे ऐकायला सोपं आहे. चांगला आहे हे लोकांना कळेपर्यंत तो पडद्यावर तर राहिला पाहिजे!

कसब्यातली, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. अटीत बायकांचं बाथरूम आणि आत-बाहेर पुरेसा उजेड हेही घाला, माझी हरकत नाही.

कसब्यातली
हरकत नाही काय, ती पहिली अट. तीन आठवड्यांची दुसरी. आणि त्या तीन आठवड्यांत तीनचा खेळ काढून टाकू नका, तो भरवणाऱ्या आम्हीच होतो.