शब्द सुचवा: काचेतला पुतळा जिवंत होऊन माणसांत मिसळला तर त्याला काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. भाची पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी एकांकिका लिहितीये आणि शब्दांवरून घरात रोज भांडणं चाललीयेत, म्हणून इथे टाकतोय. गोष्ट अशी की लक्ष्मी रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानातले काचेमागचे पुतळे एका रात्री जिवंत होतात, म्हणजे परग्रहावरून कोणीतरी त्यांच्यात चेतना घालतं, आणि मग हे पुतळे गिऱ्हाइकांसारखे दिसायला लागतात, बोलायला लागतात, आणि एकेका घरात त्या त्या माणसाच्या जागी जाऊन बसतात. कोणाला पत्ता लागत नाही. तिने सगळीकडे 'रेप्लिका' लिहिलंय. मी म्हटलं मराठीत लिही, तर म्हणे 'प्रतिकृती' लिहिलं की शनिवारवाड्याची थर्माकोलची प्रतिकृती डोळ्यासमोर येते, भीती कसली वाटणार. तसं तिचं बरोबर आहे. तर शब्द सुचवा. 'एलियन'ला पण चालेल काहीतरी, 'परग्रहवासी' म्हणताना पात्राची जीभ अडखळते.

शब्दवेडी

आधी रेप्लिकाचंच सांगते, मूळ इटालियन शब्द, आणि कलेच्या जगात त्याचा काटेकोर अर्थ 'कलाकाराने स्वतःच्याच कामाची स्वतः केलेली दुसरी प्रत' असा आहे. दुसऱ्याने केली तर ती नुसती कॉपी. म्हणजे तुमच्या भाचीच्या गोष्टीत रेप्लिका शब्द तसाही चुकलाय, कारण मूळ माणूस काही त्या परग्रहवाल्यांनी बनवला नव्हता!

प्रतिरूप, प्रतिमा, प्रतिबिंब, तद्रूप असे बरेच निघतील पण सगळे थंड. तोतया का नको?

कोथरूडची मावशी

मॅनेक्विन या शब्दाची गंमत माहितीये का, मूळ डच शब्द आहे, अर्थ 'छोटा माणूस', तिथून फ्रेंचमध्ये गेला आणि मग इंग्रजीत. छोटा माणूस म्हणजे आपला वामन! तो पण असाच साधा बटू बनून आला, तीन पावलं जमीन मागितली आणि सगळं घेऊन गेला. नारळीकरांनी विज्ञानकथेत यंत्रमानवाला वामन हेच नाव दिलं होतं, ते मला आज नव्याने कळल्यासारखं झालं. पुतळ्यांच्या म्होरक्याला वामन म्हणा की.

जुनापेठकर

तोतया! पुण्यात बसून हा शब्द शोधावा लागतोय म्हणजे कमाल आहे राव.

पानिपत 14 जानेवारी 1761 ला झालं, सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत, पण पार्वतीबाईंनी ते गेले हे काही मानलं नाही, कुंकू तसंच ठेवलं. आणि मग 'मीच भाऊसाहेब' म्हणत एक जण उगवला, सुखनिधान त्याचं नाव असं सांगतात. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून कैदेत टाकलं, पण नंतर रत्नागिरीहून तो सुटला आणि 1776 मध्ये त्याने चक्क बंड केलं, कोकणातले किल्ले घेतले, फौज जमवली. लोक खरंच सामील झाले हो त्याला! शेवटी धरून पुण्यात आणला आणि मारला. यावर न. चिं. केळकरांचं नाटकच आहे, तोतयाचे बंड.

आता बघा, माणूस बदलणं, घरात शिरणं, राज्य बळकावणं, तुमच्या भाचीची अख्खी एकांकिका अडीचशे वर्षांपूर्वी इथे होऊन गेलीये, फक्त परग्रह नव्हता.

हडपसरकर

तो + तो + या = 'तो तो नाही, या, बघा' = तोतया 😄

जुनापेठकर

असल्या व्युत्पत्त्या शनिवारी रात्री करू नयेत.

मूळ धागा टाकणारा

भाचीला तोतया आवडला पण तिची शंका अशी की तोतया हा मुळात माणूसच असतो ना. इथे तर फायबरचा पुतळा आहे. आणि तोतयाला माहीत असतं की आपण खोटे आहोत. हिचे पुतळे काही दिवसांनी स्वतःच मानायला लागतात की आपणच खरे, असा पुढचा भाग आहे.

शब्दवेडी

शंका चांगली आहे. पण मला वाटतं फरक कशाचा बनलाय यात नाहीच. प्रतिकृती ही वस्तू आहे, ती काही बोलत नाही, तुम्ही म्हणता ही अमक्याची प्रतिकृती. तोतया हा दावा आहे, 'मी अमका' असं म्हणणारा. काचेमागे उभा आहे तोपर्यंत पुतळा, चेहरा कोणासारखा झाला की प्रतिकृती, आणि बेल वाजवून 'अगं मी आलो, चहा टाक' म्हणाला की त्या क्षणी तोतया. एकाच वस्तूला तीन शब्द, प्रसंगाप्रमाणे. सगळीकडे एकच शब्द ठेवायचा हट्ट इंग्रजी स्क्रिप्ट डोक्यात असल्यामुळे होतोय.

बाबा_रिटायर्ड

हुबेहूब विसरू नका. मूळ 'हू ब हू', त्यातला हू म्हणजे 'तो', म्हणजे अक्षरशः तोला तो. अरबी-फारसीतून आलाय. 'हुबेहूब आलाय' असं दारात उभं राहून कोणी म्हटलं तर मला तरी काटा येईल. नाम म्हणून चालत नाही पण एकांकिकेचं नाव म्हणून चालेल.

दुकानवाला

मी इथे फार लिहीत नाही पण हा विषय आमचा आहे म्हणून. अकरा वर्षं रेडिमेडच्या दुकानात आहे. आम्ही डमी म्हणतो, मालक पुतळा म्हणतात, गिऱ्हाईक 'त्या बाहुलीच्या अंगावरचा दाखवा' म्हणतं. मॅनेक्विन फक्त विकायला येणारा सेल्समन म्हणतो. नुसतं कमरेपर्यंतचं असेल तर त्याला आम्ही धड म्हणतो, 'ते धड इकडे घे' असं ओरडलं की नवीन मुलगा दचकतोच.

ब्लाउज किंवा शर्ट घालताना हात काढून ठेवावे लागतात, फिरवून निघतात, मग परत बसवायचे. रात्री घाईत एकीचा हात दुसरीला बसला की सकाळी बोटं उलटी दिसतात. पुतळे जिवंत झाले तर अर्ध्यांचे हात अदलाबदल झालेले असणार हे लिहा एकांकिकेत, ओळखायची खूण म्हणून. आणि नेसवलेली साडी मागून पूर्ण टाचण्यांनी धरलेली असते, पुढून राणी आणि मागून टाचण्या.

कोथरूडची मावशी

दुकानवाले दादा, रोज लिहा इथे. 'पुढून राणी आणि मागून टाचण्या' हे मी माझ्या भिशीत वापरणार आहे.

तळटीप

दुकानातले पुतळे जिवंत होण्याची कल्पना भाचीची नाहीये हे तिला माहीत असेलच, बीबीसीच्या डॉक्टर हू या टीव्ही मालिकेत जानेवारी 1970 ला हेच दाखवलंय, काचेमागचे पुतळे हलायला लागतात, रस्त्यावर येतात, हाताचा पंजा खाली पडतो आणि आतून बंदूक निघते. त्यात मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात मोठ्या अधिकाऱ्यांच्या प्रतिकृती उभ्या असतात आणि त्या त्यांच्या जागी जातात. तिच्या कामाची गोष्ट ही की तेव्हा बजेट नसल्यामुळे काच फुटताना दाखवलीच नाही, नुसता खळ्ळकन आवाज आणि पुढच्या क्षणी पुतळे बाहेर. स्टेजवर असंच करा.

माणसं बदलण्याची अमेरिकन गोष्ट वेगळी, ती म्हणजे 'द बॉडी स्नॅचर्स' ही 1955 ची कादंबरी आणि त्यावरचा 1956 चा सिनेमा, त्यात मोठमोठ्या शेंगांमधून माणसांच्या नकला तयार होतात, सगळं तेच, फक्त माया-ममता गायब. त्यावरून इंग्रजीत शेंगेतली माणसं असा वाक्प्रचारच रुळला, भावनाशून्य माणसासाठी. मराठीत 'शेंगमाणूस' केलं तर प्रेक्षक भुईमूग समजून हसतील.

आणि हो, 1970 मध्येच जपानमध्ये मासाहिरो मोरी यांनी मांडलं होतं की यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आधी आवडत जातं, पण जवळजवळ माणूस वाटायला लागलं की एकदम किळस येते, भीती वाटते. आवड अशी एकदम खाली कोसळते म्हणून इंग्रजीत याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात, या दरीला मराठी शब्द हवाय मला. 'अघोर दरी' कसं वाटतं?

शब्दवेडी

अघोर नको, तिथे तांत्रिक येऊन बसतो. जवळजवळ बरोबर पण काहीतरी चुकतंय, यासाठी आपल्याकडे आजी म्हणायची ते 'खटकतंय' हेच क्रियापद आहे. खटकदरी 🙂

पेठेतला कार्यकर्ता

'जिवंत होणे' यावर मला बोलायचंय. पुण्यात गणपतीत दोन प्रकार असतात हे सगळ्यांना माहितीये, हलता देखावा आणि जिवंत देखावा. हलत्यात पुतळे असतात, मोटर, पट्टा, आतून वायरी, मान इकडून तिकडे, हात वर खाली. जिवंत देखाव्यात खरी माणसं असतात. म्हणजे पुणेकराच्या डोक्यात ही वाटणी पक्की आहे की हललं म्हणून काही जिवंत होत नाही. भाचीच्या स्क्रिप्टमध्ये आधी 'पुतळे हलतात' आणि नंतर 'जिवंत होतात' असं वेगळं वापरलं तर प्रेक्षकाला आपोआप कळेल, समजावायची गरज नाही.

आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यात एकदा एक आजी दोरी ओलांडून पुढे आल्या आणि मावळ्याच्या गालाला हात लावून म्हणाल्या किती हुबेहूब केलाय गं, आणि मावळा शिंकला. आजी जी किंचाळली! आम्ही घाबरलो, पाणी दिलं, खुर्ची दिली. मी आजपर्यंत एवढा खरा अभिनय पाहिला नाही, दोघांचाही.

बाबा_रिटायर्ड

कार्यकर्ते, उत्तम. त्यात भर. आपल्याकडे मूर्तीत जीव घालायला स्वतंत्र शब्द आहे, प्राणप्रतिष्ठा. आणि काढून घ्यायलाही विधी आहे, उत्तरपूजा. अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की ती पुन्हा माती. हे परग्रहवाले पुतळ्यांची प्राणप्रतिष्ठा करतात, तर शेवटी कोणीतरी उत्तरपूजा करायला हवी ना. माझी आपली सूचना, धार्मिक भावना वगैरे बघून घ्या.

मूळ धागा टाकणारा

उत्तरपूजा ऐकून भाची उडालीच, शेवट सापडला म्हणते. पण ओळखायचे कसे हा प्रश्न आहे अजून. हात उलटे असतील ही खूण घेतलीये, अजून?

शब्दवेडी

नल-दमयंती वाचा की! स्वयंवरात पाच नळ बसलेले, एक खरा आणि इंद्र, अग्नी, वरुण, यम हे चार देव त्याचं रूप घेऊन. दमयंतीला म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या देवांच्या खुणा माहीत होत्या पण दिसत एकही नव्हती. तिने देवांनाच साकडं घातलं तेव्हा त्यांनी त्या दाखवल्या, घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ ताजी, धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. खऱ्या नळाची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ, घाम आणि खाली सावली. मला हे फार आवडतं, खरा माणूस त्याच्या मळक्या बाजूवरून ओळखला! मे महिन्यात दुपारी लक्ष्मी रोडवर ज्याला घाम येत नाही तो तुमचा.

दुसरी गोष्ट संज्ञेची, सूर्याचं तेज सोसेना म्हणून स्वतःच्या जागी आपली छाया ठेवून ती निघून गेली, आणि सूर्याला वर्षानुवर्षं कळलं नाही! मुलं पण झाली छायेला, शनी तिचाच. कळलं कशावरून, तर ती सवतीच्या मुलांशी दुजाभाव करायला लागली, यमाला तिने शाप दिला, तेव्हा सूर्य म्हणाला आई असं करणार नाही. ऋग्वेदात या बदली बाईला 'सवर्णा' म्हटलंय, सारख्या रूपाची. आज तो शब्द जातीच्या अर्थाने इतका जड झालाय की वापरता येणार नाही, पण रेप्लिकाला जुना शब्द शोधत असाल तर तो आहे.

हडपसरकर

मग 'छाया' ठेवा ना. साधा, बाईचं नाव पण होतं. 'ही आपली आई नाही, ही छाया आहे.' अंगावर येतं.

तळटीप

हे फार भारी आहे. आणि उलटं पण एक असतं बरं का, माणूस खराच असतो आणि घरच्या कोणालातरी ठामपणे वाटतं की हा तो नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी आहे. कापग्रा या फ्रेंच डॉक्टरांनी 1923 मध्ये सहकाऱ्याबरोबर नोंदवलं, एका बाईंना आपली माणसं एकामागून एक बदलली जातायत असं वाटायचं. चेहरा ओळखता येतो पण तो बघून जे आपलेपण वाटायला हवं ते वाटत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. एकांकिकेत एक पात्र असं ठेवलं की प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळणार नाही, पुतळे खरे की हिलाच वाटतंय.

जुनापेठकर

एलियन राहिला की. 'उपरा' म्हणा. आणि इन्व्हेजनला आक्रमण नका म्हणू, 'परचक्र' हा आपला अस्सल शब्द आहे, परचक्र आलं की गावं ओस पडायची. आणि हे तर आकाशातून आलेलं परचक्र, म्हणजे अस्मानी आणि सुलतानी एकदमच.

कोथरूडची मावशी

सगळं ठीक पण दुकानात बहुतेक पुतळे बायकांचे असतात. तोतयाचं स्त्रीलिंग काय? तोतयी? तोतयीण?

शब्दवेडी

मावशी, फार छळता. तोतयीण कानाला बरं वाटतं, पाटलीण-तेलीण सारखं. पण मी आजवर कुठे वाचलेलं नाही. बायकांनी तोतयेगिरी केली नाही असं नाही, पकडल्या गेल्या नसतील.

मूळ धागा टाकणारा

ठरलं असं: दुकानात डमी, परग्रहवाल्यांच्या तोंडी वामन, घरात शिरल्यावर छाया, आणि चौकशीच्या प्रसंगात पोलीस 'तोतया' म्हणणार. तोतयीण पण आहे, एका आज्जीच्या तोंडी, सुनेला उद्देशून, आणि ती सून खरी आहे. आता फक्त पुतळे हवेत, भाड्याचा दर ऐकून ग्रुपचं तोंड कडू झालंय.

दुकानवाला

माळ्यावर दोन पडलेत आमच्या, एकीचा डावा हात नाही आणि दुसरीचं नाक उडालंय. मालकांना विचारून ठेवलंय, घेऊन जा म्हणाले. येताना जुनी चादर आणा झाकायला, मागच्या वेळी एक डमी टेम्पोत उघडीच नेली तर सिग्नलला पोलिसाने थांबवलं होतं.