नवीन नोकरी प्रोबेशनमध्येच सोडायची असेल तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड भरायलाच हवा का?

खराडीकर:
चुलत भावाची केस आहे, पण माझं मत आधीच सांगतो. एका कंपनीत तो जावा डेव्हलपर म्हणून लागला, इंटरव्ह्यूत सगळं बोलणं डेव्हलपमेंटचं झालं आणि जॉइन झाल्यावर टाकलं प्रॉडक्शन सपोर्टला (चालू सिस्टिममधल्या अडचणी सोडवायचं काम), तेही नाइट शिफ्ट. अजून प्रोबेशन चालू आहे आणि दुसरीकडून चांगली ऑफर आलीये, त्यांना महिन्याभरात माणूस हवाय. अपॉइंटमेंट लेटर काढून बघितलं तर त्याने सोडलं तर ९० दिवस, कंपनीने प्रोबेशनमध्ये काढलं तर ७ दिवस. आता सांगा, एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला ७ असेल तर ते ९० भरायची नैतिक जबाबदारी कशी काय येते? नव्या माणसाकडे हँडओव्हर देण्यासारखं असतं तरी किती? पंधरा दिवस द्यावेत, असेल ते काम नीट समजावून द्यावं आणि निघावं. मी त्याला हेच सांगितलंय.

एचआर_वारजे:
दादा, भावाला चुकीचा सल्ला देताय. मी छोट्या कंपनीत एचआर बघते. एक माणूस घ्यायचा म्हणजे कन्सल्टन्सीची फी जाते, बऱ्याचदा ती जवळजवळ एका महिन्याच्या पगाराएवढी असते, शिवाय त्याच्यासाठी आम्ही दुसऱ्या चांगल्या कँडिडेटला नाही म्हटलेलं असतं. क्लायंटला नाव कळवलेलं असतं, लॅपटॉप, अॅक्सेस, ट्रेनिंग सगळं झालेलं असतं. आणि हा दोन महिन्यांत जाणार, वर पंधरा दिवसांत सोडा म्हणणार. लेटर सहीच्या आधी हातात होतं ना? तेव्हाच विचारायचं होतं की ७ आणि ९० का. विचारणाऱ्यांना आम्ही बदलून दिलंय, आमच्याकडे प्रोबेशनला दोन्ही बाजूंनी ३० आहे.

खराडीकर:
ताई, तुमच्याकडे ३०-३० आहे तर तुमच्याशी माझं भांडणच नाही. पण फ्रेशर किंवा दोन वर्षं अनुभव असलेला पोरगा मोठ्या कंपनीच्या छापील लेटरवर काय निगोशिएट करणार? त्याला सही कर नाहीतर ऑफर सोड एवढंच असतं. आणि याच कंपन्या जाहिरातीत लिहितात ‘फक्त इमिजिएट जॉइनर’. म्हणजे दुसऱ्याकडचा माणूस लगेच हवा आणि स्वतःकडचा तीन महिने धरून ठेवायचा. त्याचाच परिणाम की नोटीसवर असलेला माणूस त्या तीन महिन्यांत अजून दोन ऑफर गोळा करतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही, मग तुम्हीच म्हणता कँडिडेट फसवतात. ९० दिवस आहेत म्हणून हे चाललंय, १५ किंवा ३० असते तर एवढा वेळच मिळाला नसता.

कोर्टनाका_ठाणे:
कायद्याचं थोडं सांगतो, कारण दोन्हीकडून अर्धंच बोललं जातंय. कोर्ट कोणालाही जबरदस्तीने नोकरीत ठेवू शकत नाही, स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट १९६३ प्रमाणे असा वैयक्तिक सेवेचा करार अंमलात आणून घेता येत नाही. कंपनी मागू शकते ते पैसे, आणि तेसुद्धा काँट्रॅक्ट अॅक्ट १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई, करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. पण म्हणून सही केलेला कागद कचऱ्यात असं समजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती बाँडची, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी करायच्या हमीची केस होती आणि सरकारी बँकेला पुन्हा जाहिरात काढून भरती करावी लागते हा मुद्दा त्यात होता, त्यामुळे खासगी कंपनीच्या नोटीसला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, तरी कोर्ट अशा अटी सरसकट उडवून लावत नाही एवढं त्यातून दिसतं. भावाने लेटरमध्ये आधी बघावं की न भरलेल्या नोटीसची वसुली बेसिकवर (मूळ पगारावर) आहे की ग्रॉसवर (भत्त्यांसकट एकूण पगारावर), रकमेत मोठा फरक पडतो. आणि त्या रकमेवर जीएसटी लावत असतील तर हरकत घ्या, ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्ये तो लागत नाही असं स्पष्ट केलंय.

म्युनिक_मराठी:
इकडे जर्मनीत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने, आणि त्या काळात कायद्यानेच दोन आठवड्यांची नोटीस, दोघांनाही सारखीच. कंपन्या काही बुडाल्या नाहीत. प्रोबेशन म्हणजे दोघांनी एकमेकांना बघून घ्यायचा काळ, मग बाहेरचा दरवाजा एकालाच का बंद?

टीमलीड_बाणेर:
जर्मनीत तो नियम असेल, पण इथे मागे राहणाऱ्या टीमचा विचार कोणीच करत नाहीये. माझ्याकडचा नवीन पोरगा असाच गेला आणि त्याच्या नाइट शिफ्ट दोघीजणींनी वाटून घेतल्या, त्यातल्या एकीचं मूल लहान होतं. कंपनीवरचा राग काढायचा म्हणून निघतात आणि भोगतो शेजारच्या डेस्कवरचा. पूर्ण ९० नको, मलाही ते जास्त वाटतात, पण बदली माणूस येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

खराडीकर:
त्या दोघींचं वाईट वाटतं, खरंच. पण शिफ्टला जादा माणूस ठेवणं हे कंपनीचं काम आहे, ते दोन महिने झालेल्या पोराच्या गळ्यात का घालायचं? आणि बदली माणूस तरी कसा येणार, तोही कुठेतरी ९० दिवस भरत बसलेला असणार ना.

एचआर_वारजे:
हा मुद्दा मान्य. पण न सांगता गायब होऊ नका एवढं माझं ऐका. अॅबस्कॉन्डिंगचा शेरा पडला तर पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडकतो, आणि ही नोकरी रिझ्युमेतून वगळून चालणार नाही, पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ती दिसतेच. आज राजीनाम्याचा मेल टाकायला सांगा, त्यात इंटरव्ह्यूत ठरलेलं काम आणि मिळालेलं काम दोन्ही लिहा, ३० दिवसांची तारीख द्या, उरलेल्या दिवसांचं बायआउट (म्हणजे पैसे भरून सुटका) किंवा माफी मागा. नवीन कंपनीला बायआउटचे पैसे देता का विचारा, बऱ्याच देतात.

कोर्टनाका_ठाणे:
आणि उत्तर फोनवर नको, लेखी घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये, राजीनाम्यानंतर देय पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय, त्याचीही आठवण मेलमध्येच करून द्या.

खराडीकर:
मेल आज रात्री दोघं बसून लिहितो. ३० दिवस द्यायला तो तयार आहे, बायआउटचं उद्या विचारतो. पण ७ आणि ९० ला मी अजूनही अन्यायच म्हणणार, आणि ते त्या मेलमध्ये स्पष्ट लिहिणार.