मदत हवी आहे: २६ जानेवारीला सिडनीत काय करावं?

नमस्कार मंडळी. दरवर्षी २६ जानेवारीला आम्ही सकाळी झेंडावंदन करतो, जिलेबी खातो आणि दुपारी शेजारच्या आजोबांकडे 'ऑस्ट्रेलिया डे'च्या (इथल्या राष्ट्रीय दिनाच्या) बार्बेक्यूला जातो. पण १७८८ मध्ये याच तारखेला ब्रिटिश वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याने सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला, इथल्या मूळनिवासी गॅडिगल लोकांच्या जमिनीवर. १९३८ मध्ये ॲबोरिजिनल (मूळनिवासी) नेत्यांनी याच शहरात हा दिवस शोकदिन म्हणून पाळला. सकाळी आपलं प्रजासत्ताक, दुपारी ही मेजवानी? यंदा घास उतरेना. (जिलेबी मात्र उतरते, खोटं कशाला बोलू!)

व्हिक्टोरिया पार्कातल्या याबुन महोत्सवाला (याच दिवशी भरणाऱ्या मूळनिवासी संस्कृतीच्या सोहळ्याला) कुणी मुलाबाळांसह गेलंय का? त्या दिवशीच्या मूळनिवासींच्या निषेध मोर्चात आपण चालावं, की नुसतं ऐकायला जावं? आणि आजोबांना न दुखावता नाही कसं म्हणायचं?