दहावी आधी की येशिवा? पोराला काय सांगू

अलिबागची आई:
शालोम. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. धाकट्याचा बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा विधी, आपली मुंजच म्हणा) झाल्यापासून त्याला हिब्रूचं वेडच लागलंय, आता मुंबईला एक रब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू भेटले ते म्हणाले इस्रायलला येशिवात म्हणजे धर्मशाळेत शिकायला पाठवा, दिवसभर तोरा-तालमूद हे धर्मग्रंथच शिकू दे. मिस्टर म्हणतात आपल्यात कोण कधी रब्बी झालाय, प्रार्थना म्हणायला हजान आले, मलिद्याचा विधी झाला, बस. पण पोराचं मन मोडवत नाही हो. नववीत आहे.

अश्दोदवाली मावशी:
अगं आधी विचार कुठली येशिवा! येशिवा तिखोनित म्हणजे हायस्कूलच, सकाळी गेमारा म्हणजे तालमूद, मग गणित इंग्लिश सगळं, शेवटी बगरूत म्हणजे आपली बारावीच समज. हरेदींच्या म्हणजे कट्टर धार्मिक लोकांच्या येशिवात मात्र तेरा-चौदा वर्षांनंतर बहुतेक ठिकाणी गणित इंग्लिश जवळजवळ बंदच, पुढे लग्न झालं की कोलेल, म्हणजे लग्न झालेल्यांची येशिवा, तिथला स्टायपेंड केवढासा, घर बायकोच्या पगारावर. आणि आर्मी? 1948 ला पंतप्रधान बेन-गुरियनने येशिवातल्या 400 जणांना सक्तीच्या भरतीतून सूट दिली ती हजारोंवर गेली, 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं यांनाही भरती करा. रब्बीने हे सांगितलं का तुला?

चौलचा शेजारी:
मी तुमच्यातला नाही तरी बोलतो. माझा मामेभाऊ आठव्या वर्षी वेदपाठशाळेत गेला, मुंज झाली की लगेच. पाठांतर असं की आपण थक्क, पण दहावी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली आणि गणितात दोनदा उडाला. आज सुखी आहे, पण ती दोन वर्षं मामीने रडून काढली.

तेल्याचा नातू:
मिस्टरांचं मला अर्धंच पटलं. रब्बी नव्हते हे खरं, पण आपले लोक घाण्यावर तेल काढायचे आणि धर्माचा सुट्टीचा वार म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून तर शनिवार तेली म्हणायचे. धर्म पोटापाण्याबरोबरच टिकला ना? तालमूदमध्येच आहे की बापाने मुलाला तोरा शिकवावी आणि धंदाही शिकवावा, काही जण म्हणतात पोहायलाही. पोहणं तर वरसोलीला शिकलाच असेल 😄

अलिबागची आई:
मावशी, रब्बींना मेसेज टाकला बगरूत आहे का म्हणून. म्हणाले त्याची काय गरज. मिस्टरांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात देऊन गेले. पोराला सांगितलंय दहावी इथेच, तोवर रोज तासभर हिब्रू ऑनलाइन. फुगून बसलाय, जेवला मात्र.