शोधनिबंधाचे प्रतिपाद्य कसे ठरवावे?

प्रश्न
पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी मला दहा पानांचा शोधनिबंध लिहायचा आहे. विषय आहे १८५४ सालची लंडनच्या सोहो भागातील कॉलऱ्याची साथ आणि कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असे मांडणारे डॉ. जॉन स्नो यांचे काम. वाचन पुष्कळ झाले आहे, टिपणांची वहीही भरली आहे. परंतु पहिला मसुदा मार्गदर्शकांनी ‘माहिती चांगली आहे, तुमचे म्हणणे कुठे आहे?’ एवढाच शेरा मारून परत केला. माझे प्रतिपाद्य, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा, असे होते : ‘ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढल्यामुळे साथ आटोक्यात आली.’ यात काय उणे आहे? शिवाय, स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुरालाही संदर्भ द्यावा लागतो का?

पहिला प्रतिसाद
हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते, आणि अडचण तिथेच आहे. कॉलऱ्याच्या प्रसारावरील स्नो यांच्या ग्रंथाची १८५५ ची दुसरी आवृत्ती अवश्य पाहा. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, पण बरेच रहिवासी त्याआधीच घरे सोडून गेले होते आणि नवे रुग्णही कमी होऊ लागले होते. त्यामुळे पंपाखालच्या विहिरीचे पाणी तेव्हाही दूषित होते की नाही हे ठरवता येत नाही, असे स्वतः स्नो यांनीच लिहिले आहे. ज्याला आपण श्रेय देतो तोच ते घेत नाही, हे मला या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते. त्याच ग्रंथात दक्षिण लंडनला पाणी पुरवणाऱ्या दोन कंपन्यांची तुलना आहे : साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे सांडपाणी मिसळलेले नदीचे पाणी देणाऱ्या एकीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, तुलनेने स्वच्छ पाणी देणाऱ्या दुसरीच्या ग्राहकांत ३७. ‘स्नो यांच्या सिद्धांताला खरे बळ पंपाच्या दांड्याने नव्हे, तर या तुलनेने दिले’ असे म्हणून पाहा. याला कोणीतरी हरकत घेऊ शकेल, म्हणूनच ते प्रतिपाद्य ठरते.

दुसरा प्रतिसाद
संदर्भ द्यावाच लागतो. शब्द तुमचे असले तरी आकडा किंवा विचार दुसऱ्याचा आहे. वरचे ३१५ आणि ३७ हे आकडेही संदर्भाविना वापरू नका. संदर्भ देण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी एमएलए पद्धतीत मजकुरात लेखकाचे नाव व पान येते, एपीएमध्ये नाव व वर्ष. कोणती पद्धत हवी ते विभागात विचारून घ्या. स्नो यांचे म्हणणे तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलले असेल, तर मूळ ग्रंथ वाचल्यासारखे दाखवू नका, ते कुणाच्या पुस्तकातून घेतले हे स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
मनःपूर्वक आभार. आत्ताच वही उघडून पाहिली. ‘दांडा काढला, साथ थांबली’ या टिपणापुढे ना पानाचा क्रमांक आहे, ना पुस्तकाचे नाव. ते खोडले असून, मूळ ग्रंथ हाती घेऊन मसुदा पुन्हा पहिल्या परिच्छेदापासून लिहीत आहे.