सिंकखाली फिल्टर बसवायचाय, आरओच घ्यावा काय?

अनगोळची सून:
नमस्कार मंडळी. कॉर्पोरेशनचं पाणी आलं की आमच्या सम्पात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पडतंय. उन्हाळ्यात पुरत नाही म्हणून बोअरचंही त्याच सम्पात सोडतो. तिथून मोटरनं वर टाकीत, टाकीतून सगळ्या घरात. त्यामुळं तोटीला आज कुठलं पाणी आहे ते चहा ठेवल्यावरच कळतंय. बोअरचं असलं की चहावर तवंग धरतो, तूरडाळ कितीही शिट्ट्या काढा, दाणा मोडत नाही, आणि कुकरच्या आत पांढरं पुट.

भिंतीवर फिल्टरला जागा नाही, तिथं सासूबाईंची मांडणी आहे आणि ती हलणार नाही. म्हणून सिंकखाली. दुकानदार म्हणतोय आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारा), यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा), यूएफ (जंतू गाळणारी बारीक जाळी), मिनरल सगळं एकातच घ्या, पाणी गोड लागेल. गोड पाणी कुणी मागितलंय? स्वच्छ पाहिजे. आरओ खरंच लागतो काय, आणि ग्रॅनाईटला भोक पाडावंच लागतं काय?

खानापूरकर:
घ्या की आरओ, वहिनी. पोराबाळांचं घर. आमच्यात आहे, काही तक्रार नाही.

पाना-पक्कड:
अक्का, दुकानात जायच्या आधी टीडीएस मीटर आणा, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते तो दाखवतो. नळाला पाणी येतंय तेव्हा थेट नळाचा एक पेला आणि बोअरचा एक पेला, दोन्ही वेगवेगळे मोजा. सम्पातलं मोजू नका, ती खिचडी आहे. राकसकोप काय, हिडकल काय, धरणाचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस, त्यात क्षार कमीच. बोअरचं खडकातून झिरपून येतंय. आयएस 10500 या मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागं 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. 500 च्या आतल्या पाण्याला आरओ नको, असं हरित लवादानंही 2019 मध्ये म्हटलंय. मीटर जंतू दाखवत नाही, फ्लोराईड-नायट्रेटही वेगळं सांगत नाही, म्हणून बोअरचं पाणी एकदा लॅबला द्याच.

माझं मत विचाराल तर मशीनवर घालायचे पैसे एका छोट्या टाकीवर घाला. स्वयंपाकघराला वेगळी टाकी, वेगळी लाईन, त्यात फक्त कॉर्पोरेशनचं पाणी. बोअर न्हाणीला आणि संडासाला. मग सिंकखाली गाळाचा फिल्टर, कार्बन (वास-चव काढणारा कोळसा) आणि यूव्ही एवढंच पुरतं. यूव्ही गढूळ पाण्यात नीट काम करत नाही, म्हणून गाळाचा फिल्टर आधी. आरओ एक लिटर चांगलं देताना घरगुती मशीनमध्ये साधारण तीन लिटर गटारीत सोडतो. मे महिन्यात टँकर मागवायचा आणि त्यातलंच पाणी सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

तरी आरओच घेणार असाल तर टाकीच्या दाबावर भिस्त ठेवू नका. दहा मीटर उंचीला कुठं एक किलो दाब मिळतो, तुमची टाकी तेवढीही वर नसणार. मेम्ब्रेनला, म्हणजे आरओच्या पडद्याला, पंप लागतोच, म्हणजे लाईट गेली की साठवणीच्या टाकीतलं असेल तेवढंच. टाकाऊ पाण्याची नळी सिंकच्या पाईपला ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागाच्या) वर जोडायला सांगा, खाली जोडली तर गटारीचा वास वर येतोय. त्यापेक्षा बादलीत सोडा, फरशी पुसायला होतंय.

आणि महत्त्वाचं. सिलिंडर ओट्याखालीच आहे काय? गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. फिल्टरचा प्लग आणि अडॅप्टर ओट्याच्या वर घ्या, सिलिंडरशेजारी बिलकुल नको.

शहापुरातला:
आमच्यात आडाचं पाणी पितात. त्याला काय लावावं?

पाना-पक्कड:
आधी लॅब. क्षार बेताचे असतील तर तुम्हालाही यूव्ही, पण आड झाकलेला पाहिजे आणि शेजारच्या संडासाची टाकी लांब पाहिजे. तोवर उकळून प्या.

अनगोळची सून:
दोन्ही मोजलं. नळाचं शंभरच्याही आत, बोअरचं नऊशेच्या वर! दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो मीटर चिनी आहे. असू दे की, दोन्ही पाण्यांना तोच मीटर लावलाय. वेगळी टाकी घ्यायचं घरात ठरलंय, सासूबाईंनीही मान हलवली. ग्रॅनाईटच्या भोकाचं तेवढं राहिलं.

पाना-पक्कड:
तुमचं सिंक स्टीलचं असेल तर त्याच्या मागच्या कडेला भोक पाडा, ओट्याला हात लावूच नका. फिल्टरच्या तोटीला साधारण 12 एमएम पुरतं. आधी वाकून खालून बघा, तिथं आधाराची पट्टी आली असेल तर बोटभर सरकवा. ग्रॅनाईटच फोडायचा झाला तर डायमंड बिट, ड्रिलचा हॅमर (ठोकणं) बंद, वरून पाण्याची धार चालू. फिटिंग झालं की सांध्यांखाली रात्रभर जुना पेपर अंथरून ठेवा, सकाळी ओलं कुठं दिसतंय ते बघून तेवढंच परत आवळायला लावा. नव्या कार्बनमधून पहिल्यांदा काळं पाणी येतंय, ते नितळ होईपर्यंत सोडून द्या.